चुलीपाशी बसलेली बाई

बाओ शिलीनने बत्तीस वर्षांत लाकडी फळ्यांवर किती बायका कोरल्या, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. खिडकीशी बसून वाट पाहणाऱ्या, आरशासमोर केस सोडलेल्या, नवऱ्याचा हिवाळी अंगरखा शिवणाऱ्या, पडद्याआडून पाहुण्याला चोरून बघणाऱ्या. नाटकाचं पुस्तक छापायचं म्हणजे चित्रं हवीत, आणि चित्रं हवीत म्हणजे घरातली हवीत. लढाया आणि दरबार लोक रंगमंचावर बघतात. पुस्तक विकत घेणाऱ्याला दुसऱ्याच्या घरात डोकावायचं असतं. नानजिंगच्या पुस्तकगल्लीत ही गोष्ट त्याच्या छापखान्याच्या ताओ मालकांइतकी कुणाला कळली नव्हती, आणि घराचा कोपरा शिलीनइतका कुणाला कोरता येत नव्हता. मच्छरदाणीच्या घड्या म्हणू नका, वेताच्या खुर्चीची वीण म्हणू नका, सगळं हाताला लागेल असं. आणि हा माणूस स्वतः अकरा वर्षं घरी गेला नव्हता.

तसं म्हटलं तर शिलीनच्या मुलखातले, हुइचौचे, पुरुष बाहेरच असतात. कुणी मीठ विकतो, कुणी चहा, कुणी फळ्या कोरतो. पण बाकीचे तीन-चार वर्षांनी तरी तोंड दाखवून येतात. शिलीनचं दर वर्षी काही ना काही निघे. एका वर्षी मालकांना नव्या वर्षाच्या आत सहा नाटकं काढायची होती. एका वर्षी नदीला पूर होता. एका वर्षी हातात नीटसं काही नव्हतं, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं? पुढच्या वर्षी हात भरलेला होता, पण आता इतक्या वर्षांनी काय तोंड घेऊन जायचं, हा नवा प्रश्न उभा राहिला. न जाणाऱ्याला कारणं सापडतात, त्यासाठी फार हुशारी लागत नाही. तो गावाकडे जाणाऱ्या निरोप्याबरोबर दर शरद ऋतूत चांदी पाठवी, आणि वसंतात त्याच निरोप्याबरोबर घरून पत्र येई. पत्र बायकोने सांगितलेलं, गावच्या मास्तरांनी लिहिलेलं. छापखान्यातलं कुणीतरी ते वाचून दाखवी, आणि शिलीन ते घडी घालून उशीखालच्या पेटीत ठेवी. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. पुस्तकंच्या पुस्तकं कोरलेला माणूस, पण अक्षरांचे आकार ओळखायचा, अर्थ नाही. फार तर आपलं आडनाव आणि दहा-वीस नेहमीची अक्षरं.

त्या वसंतात चित्रकाराचं मालकांशी वाजलं आणि तो एक चित्र बाकी ठेवून सुचौला निघून गेला. नाटक लग्नात भेट द्यायचं, गोड शेवटाचं. पुस्तकाच्या बाकी सगळ्या फळ्या तयार. राहिलं होतं ते एकच: बायको घरात एकटी, चुलीपाशी बसलेली.

"तूच काढ," ताओ मालक म्हणाले. "बाई आणि चूल. शंभरदा कोरलंयस."

"कोरलंय, मालक. काढलेलं नाही."

"त्यात काय मोठंसं? डोळे मिटूनसुद्धा काढशील."

शेजारच्या बाकावरचा जाड्या गुओ खो खो हसला. "बाओदादा डोळे मिटूनच काढणार. उघड्या डोळ्यांनी बाई बघून त्यांना अकरा वर्षं झाली की."

सगळे हसले, शिलीनही हसला. पण फळी घेऊन तो मागच्या खोलीत गेला तेव्हा त्याच्या मनात दुसरी कुठलीच चूल येईना. आपल्याच घरची येत होती. डाव्या हाताला चूल, तिच्या मागे धुराने काळी झालेली भिंत, उजवीकडे खिडकी, खिडकीखाली कान तुटलेला पाण्याचा रांजण. आणि चुलीसमोर बुटक्या स्टुलावर रुइन्यांग, लाकडं सारत असलेली.

इथे धंद्याचा रिवाज सांगायला हवा. चित्रकार पातळ कागदावर चित्र काढतो. तो कागद फळीवर पालथा चिकटवतात, पाठीमागून चोळून झिरझिरीत करतात आणि तेल लावतात, म्हणजे रेषा उलट्या दिसू लागतात. कोरणाऱ्याने त्या उलट्या रेषांच्या कडेने कोरणी फिरवायची. छापलं की सगळं पुन्हा सुलट. उलटसुलटाची काळजी शिलीनने जन्मात केली नव्हती, कारण त्याच्याकडे फळी यायची ती काळजी होऊनच यायची.

त्याने आधी कागदावर कुंचला धरून पाहिला. कुंचल्याचा सराव नव्हता, रेषा सरळ येईना. मग कागद बाजूला सारला आणि कोरणीच्या टोकाने थेट नासपतीच्या लाकडावर ओढायला सुरुवात केली, जसं डोळ्यांसमोर दिसत होतं तसं. डावीकडे चूल, उजवीकडे खिडकी. चार दिवस तो कुणाशी बोलला नाही. जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणे आणि येत नसे. खरं सांगायचं तर गेल्या अकरा वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. तिचं मनगट कोरताना तिच्याशी तो मनातल्या मनात बोलत होता. गेल्या हिवाळ्यात खोकला झाला होता, आता बरा आहे. इथला भात मोकळा शिजवतात, आपल्यासारखा नाही. असलंच काहीबाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्याने फळीवर शाई फिरवली, कागद ठेवला, सपाट ब्रशने चोळला आणि उचलला.

पहिल्यांदा वाटलं, हे घर आपलं नव्हे. चूल उजवीकडे गेली होती, खिडकी डावीकडे. आपण कुठे चुकलो हे त्याला लगेच कळलं आणि स्वतःच्या मूर्खपणाचं हसूही आलं. मग त्याची नजर तिच्या छातीवर गेली आणि हसू जागच्या जागी विरलं.

अंगरख्याची डावी कड उजवीवर येते, ती जिवंत माणसाची. मेलेल्याला शवपेटीत ठेवताना उजवी कड डावीवर घेतात. लहान पोराने चुकून तसा अंगरखा बांधला तर आई त्याला फटका देऊन सोडवते. शिलीनच्या चित्रातली बाई चुलीपाशी छान बसली होती, लाकडं सारत होती, आणि अंगावर तिने मढ्याचा अंगरखा घातला होता.

जाड्या गुओ बघायला आला, आणि त्यालाही थट्टा सुचली नाही. ताओ मालक मात्र संतापले.

"लग्नात द्यायचं पुस्तक आहे हे. नवऱ्या मुलीच्या हातात मेलेली बाई देऊ?"

"ठिगळ लावतो, मालक."

"आज लाव."

ठिगळ लावणं त्याच्या हातचा मळ होता. त्याने गळ्यापासून कमरेपर्यंतचा तुकडा काढला, तिथे नवं लाकूड ठोकून बसवलं, आणि दुपारपर्यंत कड सरळ केली. नवा ठसा उत्तम आला. मालक खूश झाले, म्हणाले, चित्रकार गेला ते बरंच झालं. पण पहिला ठसा शिलीनने जाळला नाही. घडी घालून अंगरख्यात ठेवला, आणि त्या दिवसापासून तो पुन्हा पुन्हा काढून बघू लागला.

आपण चुकलो, हे त्याला कळत होतं. चूक कशी झाली हेही कळत होतं. पण बत्तीस वर्षांत एकही फळी न बिघडवलेल्या हाताने नेमकी हीच फळी का बिघडवावी, नेमक्या हिच्याच अंगावर तो अंगरखा का चढवावा, याचं उत्तर त्याला सापडेना. कोणीतरी काहीतरी सांगत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने उशीखालची पेटी उघडली, अकराच्या अकरा पत्रं काढली आणि मुद्रितं तपासणाऱ्या सुन मास्तरांसमोर ठेवली.

"सगळी वाचा. एकापाठोपाठ एक."

सुन मास्तरांनी पहिलं वाचलं. "घरी सर्व कुशल. थंडीत जपावे. इकडची चिंता नसावी." दुसरं वाचलं. तिसरं हातात घेतलं आणि चष्म्यावरून शिलीनकडे बघितलं.

"बाबा रे, ही अकरा पत्रं कशाला? एक फळी कोरून अकरा प्रती काढल्यासारखी आहेत. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"म्हणजे तिने काही सांगितलंच नाही?"

"सांगितलं असेल, गावच्या मास्तरांनी लिहिलं नसेल. नाहीतर..." त्यांनी पत्राची घडी घातली.

त्या "नाहीतर"चं पुढचं शिलीनने स्वतःच पुरं केलं. तिने सांगितलं काय, न सांगितलं काय, मास्तर हेच लिहिणार. ती असली काय, नसली काय, हेच लिहिणार. चांदी घ्यायला धाकटा भाऊ होताच. कदाचित चार वर्षांपूर्वीच ती गेली असेल आणि आपण चार वर्षं एका कुशल मढ्याला चांदी पाठवत असू. हा विचार एकदा आल्यावर तो जाईना. शिलीनला आता जगात एकच गोष्ट कळायला हवी होती: रुइन्यांग आहे की नाही.

मालक म्हणाले, पुस्तक बाहेर पडेपर्यंत थांब. शिलीन म्हणाला, नाही. मालक म्हणाले, मग परत येशील तेव्हा बाक रिकामा नसेल. शिलीनने कोरण्या फडक्यात बांधल्या. अकरा वर्षांत जे पाऊल निघालं नव्हतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं.

तेरा दिवस लागले. अर्धे होडीत, अर्धे डोंगरातून पायी. दिवस पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करण्याचे होते. वाटेत जो तो टोपलीत दारू आणि कोंबडी घेऊन थडग्याकडे चाललेला. पायवाटांच्या दोन्ही बाजूंना ताज्या मातीवर पांढरे कागद फडफडत होते. आपल्या गावच्या चढणीवर पोचेपर्यंत शिलीनने मान वर केली नाही. पण बाओ घराण्याची जागा वाटेलाच लागून होती, ती टाळायची म्हटलं तरी टाळता येण्यासारखी नव्हती.

आईवडिलांच्या उंचवट्याशेजारी एक नवा उंचवटा होता. फार तर एका हिवाळ्याचा. समोर लहानसा दगड.

शिलीन दगडापुढे गुडघ्यांवर बसला. त्यातलं एक अक्षर त्याला येत होतं: बाओ. दुसरंही येत होतं, असंख्य वेळा कोरलेलं: सून. बाओ घराण्याची सून. त्याखाली तिच्या माहेरचं आडनाव, आणि ते त्याला येत नव्हतं. त्याने अक्षरावरून बोट फिरवलं. कोरणाऱ्याचा हात कच्चा होता, रेघा सुटल्या होत्या, एवढं मात्र कळलं. रुइन्यांगच्या माहेरचं आडनाव त्याला तोंडाने म्हणता येत होतं, पण ते कसं दिसतं हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. पुस्तकांतून ते किती वेळा त्याच्या हाताखालून गेलं असेल. तो तिथे किती वेळ बसला कोण जाणे. रडू येत नव्हतं. नुसतं बसवत होतं आणि उठवत नव्हतं.

"कोण पाहिजे?" मागून कुणीतरी विचारलं.

टोपली घेतलेला एक माणूस उभा होता. केस पिकलेले, गाल बसलेले. शिलीनने वळून पाहिलं.

"दादा?" त्या माणसाने विचारलं. तो धाकटा भाऊ होता.

"कधी गेली?" शिलीनने विचारलं.

"हिवाळ्यात. ताप आला, सहा दिवसांत संपलं." भावाने टोपली खाली ठेवली आणि दारूचा प्याला दगडापुढे मांडला. "पोरांचं बघायला कुणी नाही आता. तुला कुणी सांगितलं?"

"पोरांचं?"

"माझ्या पोरांचं. अजून दोघं लहान आहेत." मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने शिलीनच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "दादा, ही माझी बायको. वहिनी घरी आहे. सकाळी चहाची पानं खुडायला गेली होती, आत्ता आली असेल."

शिलीन तिथेच थडग्यासमोर मातीत मोठ्याने रडला. धाकट्याला वाटलं, आपल्या बायकोसाठी रडतोय, आणि तोही डोळे पुसू लागला. शिलीनला लाज वाटली, पण खुलासा करण्याचं बळ नव्हतं. भावाची बायको मेली म्हणून त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. असं कुणाला कसं सांगायचं?

"पत्रात तर सर्व कुशल होतं," शेवटी तो म्हणाला.

"मास्तर तसंच लिहितात. म्हणतात, लांबच्या माणसाला कशाला घोर लावायचा."

घराचं दार उघडं होतं. रुइन्यांग उंबऱ्यापाशी सुपात पानं पसरवत होती. तिने मान वर केली, त्याच्या पायांकडे पाहिलं, मग हातांकडे, मग तोंडाकडे. ती उठली नाही.

"आधी निरोप तरी पाठवायचा," ती म्हणाली. "भात एकटीपुरता टाकलाय."

"मला भूक नाही."

"असं कसं? इतक्या लांबून आलात."

तिने पुन्हा तांदूळ धुतले, पुन्हा चूल पेटवली. तो बाकावर बसून बघत राहिला. डावीकडे चूल, उजवीकडे खिडकी, खाली कान तुटलेला रांजण. सगळं त्याला आठवत होतं तसंच, इंचभर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. त्याला फार आनंद झाला. आनंद कुणाला तरी दाखवावा असा होता, म्हणून त्याने अंगरख्यातून घडी घातलेला ठसा काढला. का आलो तेही त्यामुळे आपोआप सांगून होईल, असं त्याला वाटलं. बोलून सांगणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

रुइन्यांगने ओले हात पुसले आणि कागद खिडकीशी नेला. बराच वेळ बघितला.

"चूल आपलीच की," ती म्हणाली. "उलट्या बाजूला गेलीय, पण आपली. रांजणसुद्धा. भिंतीवरचा डागपण काढलात." तिचा आवाज जरा मऊ झाला होता. मग तिने विचारलं, "ही बाई कोण?"

"कोण म्हणजे? तू."

"मी?"

तिने कागद दूर धरला, जवळ धरला. कुणी चेष्टा करतंय की काय, अशा नजरेने त्याच्याकडे बघितलं. मग तिने मान वळवली आणि उजेडात तोंड करून उभी राहिली, त्याने नीट बघावं म्हणून. शिलीनने बघितलं. रुंद चेहरा, जाड भुवया, नाकाच्या शेंड्याशी तीळ, गालावर देवीचे चार-पाच खड्डे. हे काही अकरा वर्षांत आलेलं नव्हतं. लग्नाच्या दिवशीही असंच होतं. आणि कागदावरच्या बाईचा चेहरा कलिंगडाच्या बीसारखा निमुळता, भुवया विळ्याच्या पात्यासारख्या बारीक, ओठ एवढेसे. चित्रकार पुस्तकातल्या प्रत्येक बाईला देतो तोच चेहरा. चार दिवस तो ज्या बाईशी मनातल्या मनात बोलत होता, ती ही बाई होती.

शिलीनने कागदावरून नजर काढून चुलीकडे वळवली.

"आणि हिला मढ्याचा अंगरखा घातलात," रुइन्यांग म्हणाली.

"चूक झाली. थेट लाकडावर काढलं, छापताना उलटं आलं. मला वाटलं, अपशकुन आहे. वाटलं, तू..."

"म्हणून आलात?"

"हो."

तिने कागद घडी घालून त्याच्यासमोर ठेवला. चुलीतली लाकडं पुढे सारली. तिला राग आलेला दिसत नव्हता. राग आला असता तर शिलीनला बरं वाटलं असतं.

"मी जिवंत आहे हे अकरा वर्षं माहीत होतं, तेव्हा आला नाहीत," ती म्हणाली. "मेले असं वाटलं, तेव्हा तेरा दिवसांची वाट तुडवून दारात."

भात झाला. तिने त्याला वाढलं, खारवलेल्या बांबूच्या कोंबाची भाजी घातली, अंडं घातलं. मोठा वाडगा त्याला दिला आणि स्वतः लहान घेतला. धाकट्याच्या पोरांबद्दल, चहाच्या भावाबद्दल, पावसाने पडलेल्या पुलाबद्दल ती बोलली. विचारलं त्याचं उत्तर दिलं. त्याच्या वाडग्यातला भात संपला की न विचारता पुन्हा वाढला. कुठेही उणं पडू दिलं नाही.

जेवण झाल्यावर शिलीन म्हणाला, "मी परत जाणार नाही. मालकांनी बाक दुसऱ्याला दिला असेल. कोरण्या घेऊन आलोय. इथेच काम बघीन."

"राहा की. घर तुमचंच आहे."

ती आतल्या खोलीत गेली. शिलीनला वाटलं, अंथरूण घालायला गेली. गेली होती अंथरुणासाठीच. पण हातात रजई आणि उशी घेऊन ती बाहेर आली, आणि त्याच्यासमोरून ओसरीतल्या खोलीत गेली. वाटसरूंना, निरोप्याला झोपायला देत ती खोली. तिने चटई झटकली, रजई पसरली, उशी ठेवली. तांब्यात पाणी भरून उशाशी ठेवलं.

"आतमध्ये दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू आला तर मला झोप येत नाही आता," दारात उभं राहून ती म्हणाली. "पहिली पाच वर्षं श्वास ऐकू येत नाही म्हणून येत नव्हती. मग सवय झाली. ती सवय मोडायला किती दिवस लागतील, मोडेल की नाही, मला माहीत नाही. तुम्ही घाई करू नका."

तेरा दिवस वाटेत शिलीनला एकाच गोष्टीची भीती वाटली होती, ती म्हणजे घर रिकामं असण्याची. घर भरलेलं असेल, चूल पेटलेली असेल, बायको धडधाकट उभी असेल, आणि तरीही आपल्याला आत जागा नसेल, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. त्याला तिचा हात धरावासा वाटला. पण तो कोणत्या नात्याने धरायचा, हे आता आधी तिनेच ठरवायला हवं होतं.

"पाणी पुरेल ना?" तिने विचारलं.

"पुरेल. उगाच त्रास घेतलात," तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण तिला अहोजाहो केलं.

तिच्याही लक्षात आलं असावं. सुपातली पानं आत घ्यायची राहिली होती, ती घ्यायला गेली.